आरटीई २५ टक्के प्रवेश: कागदांपासून आठवीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायदा (आरटीई), २००९ च्या कलम १२(१)(सी) मधली ही तरतूद. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांहून जास्त. त्यामुळे सोडतीत नाव न लागणं हे बऱ्याच घरांच्या वाट्याला येतंच, त्यावर कुणाचा इलाज नाही.

हा लेख आहे तो ज्यांचं नाव लागलं आणि तरी जागा हातची गेली त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा अर्ज सोडतीपर्यंत पोचलाच नाही त्यांच्यासाठी. मदत केंद्रावर अर्ज भरून देताना त्याच त्या चुका दरवर्षी दिसतात: भाडेकरार उशिराचा, नकाशावरचं ठिकाण भलतीकडे, एका मुलाचे दोन अर्ज, मेसेजची वाट पाहण्यात संपलेली मुदत. यातली एकही चूक नशिबाची नाही. सगळ्या आधी टाळता येतात.

पालकांनी वाचावं, आणि वस्तीत इतरांचे अर्ज भरून देणाऱ्या ताई-दादांनी तर नक्कीच वाचावं. एका चुकीच्या सल्ल्याने पूर्ण गल्लीचे अर्ज बाद होताना दिसतात.

टप्पा १: मूल कोणत्या गटात बसतं ते आधी ठरवा

अर्जात दोन मुख्य वाटा आहेत, वंचित गट आणि दुर्बल घटक.

वंचित गटात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्गीय, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग बालकं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित बालकं आणि अनाथ बालकं येतात. या गटाला उत्पन्नाची अट नाही.

दुर्बल घटकात बाकीच्या प्रवर्गांतली अशी कुटुंबं येतात ज्यांचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत आहे. इथे उत्पन्नाचा दाखला लागतोच.

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ओबीसीतली आई सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालते, दाखला १ लाखाच्या वरचा येतो आणि ती अर्जच भरत नाही. तिला त्या दाखल्याची गरजच नव्हती. तिच्याकडे जातीचा दाखला आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. उलटही घडतं. जातीचा दाखला घरात नाही, पण 'आम्ही त्याच जातीचे' म्हणून वंचित गट निवडला जातो, आणि सोडतीनंतरच्या पडताळणीत कागद मागितला की सगळं अडतं. दाखला खरंच मिळण्यासारखा नसेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर दुर्बल घटकातून अर्ज करणं शहाणपणाचं.

> तपासा: जातीचा दाखला मुलाचा किंवा वडिलांचा चालतो, पण तो महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला हवा. दुसऱ्या राज्यातला दाखला ग्राह्य धरत नाहीत. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची इथेच फसगत होते.

वयाचं कोष्टक दरवर्षी शिक्षण विभागाच्या सूचनापत्रासोबत येतं. पहिलीसाठी ३१ डिसेंबर हा दिवस धरून सहा वर्षं पूर्ण होतात का, ते पाहिलं जातं. शाळेचा प्रवेशवर्ग नर्सरी किंवा ज्युनिअर केजी असेल तर त्याचं वय वेगळं. किमान वयाइतकीच कमाल वयाची अट महत्त्वाची आहे. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून थांबलेलं मूल पुढच्या वर्षी वयातून बाहेर गेलेलं असतं.

टप्पा २: कागद अर्ज सुरू होण्याआधी हातात हवेत

२०२५-२६ साठीचे अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते. शाळा जूनमध्ये, म्हणून पालक एप्रिल-मे डोक्यात धरून बसतात. दिवाळीची सुट्टी संपली की कागदांच्या मागे लागायचं, हा हिशेब ठेवा.

महत्त्वाची गोष्ट अशी की कागद अर्जाच्या मुदतीच्या आधीच्या तारखेचे असावे लागतात. सोडतीत नाव आल्यावर काढलेला उत्पन्नाचा दाखला किंवा नंतर नोंदवलेला भाडेकरार पडताळणीत टिकत नाही. 'नाव लागलं तर कागद काढू, उगाच आत्ता खर्च कशाला' हा विचार समजण्यासारखा आहे, पण तोच सगळ्यांत महागात पडतो.

*राहण्याचा पुरावा.* यापासूनच सुरुवात करा, कारण यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी यांपैकी त्या वर्षीच्या यादीत जो कागद दिला असेल तो चालतो. कागदावरचा पत्ता आणि तुम्ही आज राहता तो पत्ता एक असायला हवा. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं शहरात, हे चित्र घरोघरी दिसतं. असं असेल तर एक तर आधारचा पत्ता बदलून घ्या, नाहीतर भाडेकरार करा.

भाडेकरार म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला करार, किमान ११ महिन्यांचा. स्टॅम्प पेपरवर घरमालकाची सही घेऊन नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. हे वाक्य पुन्हा वाचा. पडताळणीच्या टेबलावरून परत पाठवलेल्या पालकांच्या हातात बहुतेक वेळा हाच कागद असतो. घरमालक नोंदणीला तयार होत नाहीत, ही खरी अडचण आहे. अशा वेळी नोंदणीचा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवा, आणि ऑनलाइन नोंदणीसाठी ऑफिसात जावं लागत नाही, एजंट घरी येऊन अंगठा घेतो, हे त्यांना सांगा. निम्मे नकार फेऱ्यांच्या धास्तीने आलेले असतात.

> सावध: चांगल्या शाळेजवळचा पत्ता दाखवण्यासाठी नातेवाइकाच्या घराचा भाडेकरार करू नका. त्या पत्त्यावर कुटुंब राहत नसल्याचं कधीही आढळलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. वर्षाच्या मधे असं झालं तर मुलाचं ते वर्षच बुडतं.

*जन्माचा पुरावा.* महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला सर्वांत सोपा. तो नसेल तर अंगणवाडीच्या किंवा रुग्णालयाच्या नोंदवहीतली नोंद आणि तीही नसेल तर पालकाचं शपथपत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम १४ सांगतं.

जन्मदाखल्यावरचं नाव मात्र नीट बघा. दाखल्यावर 'बाळ' किंवा नुसतं आईचं नाव आणि आधारवर पूर्ण नाव अशी जोडी असेल तर आधी जन्मदाखल्यात नाव घालून घ्या. आधार नंतर दुरुस्त करा. हाच क्रम ठेवा, कारण मुलाच्या आधारमधल्या दुरुस्तीसाठी जन्मदाखलाच मागतात.

*उत्पन्नाचा दाखला.* फक्त दुर्बल घटकासाठी. तहसीलदारांचा दाखला सर्वांत भक्कम. कोणत्या आर्थिक वर्षाचा लागेल ते सूचनापत्रात दिलेलं असतं. जुना दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय म्हणून तो चालेलच असं नाही.

*विशेष परिस्थितीचे कागद.* दिव्यांग बालकासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, विधवा आईसाठी पतीचा मृत्यूदाखला, घटस्फोटितेसाठी न्यायालयाचा निकाल. अनाथ मूल संस्थेत असेल तर संस्थेचे कागद, नातेवाइकांकडे असेल तर सांभाळणाऱ्याचं हमीपत्र. नवऱ्याने सोडलेल्या, पण न्यायालयात न गेलेल्या बायकांचं काम इथे हमखास अडतं. अशा आईने अर्ज भरण्याआधीच गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन आपल्या बाबतीत कोणता कागद चालेल ते विचारून घ्यावं.

टप्पा ३: शाळा निवडा, आणि त्याआधी तिथवर चालत जा

शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर (वेबसाइटवर) जिल्हा आणि तालुका निवडला की पात्र शाळांची यादी, प्रवेशाचा वर्ग आणि आरटीईच्या जागा दिसतात. अर्जात दहापर्यंत शाळा निवडता येतात.

तुमच्या भागातली नावाजलेली कॉन्व्हेंट किंवा एखाद्या समाजाच्या ट्रस्टची शाळा यादीत नसेल तर पोर्टल बिघडलंय असं समजू नका. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना ही तरतूद लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पक्कं झालं आहे.

एकच शाळा निवडून अर्ज पाठवणं ही इथली ठरलेली चूक. तिच्या मागे 'तीच मिळाली तर घेऊ, नाहीतर नको' असा विचार असतो. ज्या शाळेसाठी सगळा परिसर अर्ज करतो तिथे तुमचं नाव लागण्याची शक्यता तशीच कमी. प्रवेशात अंतराला प्राधान्य आहे. आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, मग १ ते ३ किलोमीटरमधली, त्यानंतर त्यापुढची. म्हणून निवडीत जवळच्या, कमी गाजलेल्या दोन-तीन शाळा असायलाच हव्यात. अंतराचे नियम त्या वर्षीच्या सूचनापत्रातून ताडून घ्या.

शाळा निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगतो.

एक, शाळा कुठल्या इयत्तेपर्यंत आहे. चौथीपर्यंतच असेल तर पाचवीत काय, हा प्रश्न आत्ताच विचारा.

दोन, रोज न्यायचं-आणायचं कोण. आरटीईत शिक्षण मोफत असलं तरी स्कूलबसचे पैसे बहुतेक ठिकाणी पालकांच्याच खिशातून जातात. अडीच किलोमीटरवरची शाळा पावसाळ्यात किती लांब होते, ते सकाळच्या वेळी एकदा चालून बघितल्याशिवाय कळत नाही.

तीन, आधीच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एखाद्या आरटीई पालकाशी बोला. शाळेच्या गेटवर सुटण्याच्या वेळी उभं राहिलात तर असा पालक भेटतोच. पैसे मागतात का, मुलांना वेगळं वागवतात का, मिटिंगला बोलावतात का, हे तिथेच कळतं. माझ्या मते शाळेच्या इमारतीपेक्षा याला जास्त वजन द्यावं.

टप्पा ४: अर्ज भरा, आणि बलून नीट ठेवा

अर्ज शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर भरायचा असतो. त्याला शुल्क नाही. सायबर कॅफेवाला टायपिंगचे घेतो ते वेगळं, 'सरकारी फी' म्हणून कुणी काही मागितलं तर देऊ नका.

१. मोबाइल नंबर स्वतःचा आणि चालू असलेला द्या. कॅफेवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नको. युझर आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवा.

२. मुलाचं नाव, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं जन्मदाखल्यावर आहेत तशीच टाका. घरात हाक मारायचं नाव किंवा आडनावाचं वेगळं स्पेलिंग नको.

३. पत्ता टाकल्यावर गुगल नकाशा उघडतो आणि त्यावर लाल बलून दिसतो. तो तुमच्या घरावर आणून ठेवायचा असतो. या एका पायरीला सावकाश दहा मिनिटं द्या.

बलूनचं नेमकं काय होतं ते सांगतो. वस्तीतले पत्ते गुगलला सापडत नाहीत. 'गणेश चाळ, गल्ली नंबर ४' असं टाकलं की नकाशा जवळच्या पोस्ट ऑफिसवर, एसटी स्टँडवर किंवा थेट तालुक्याच्या मधोमध जाऊन बसतो. कॅफेत मागे रांग असते, भरणारा तसंच पुढे जातो. मग अंतर मोजलं जातं ते एसटी स्टँडपासून. घरासमोरची शाळा पोर्टलवर दोन किलोमीटर लांब दिसते आणि प्राधान्य हातचं जातं. याच्या उलट घडलं तर आणखी वाईट. बलून शाळेजवळ पडला, सोडत लागली, आणि पडताळणीत पत्ता व नकाशा जुळत नाही म्हणून प्रवेश नाकारला. खोटेपणा तुमचा नव्हता, पण कागदावर तो तसाच दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी घराच्या दारात उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडा, आपल्या ठिकाणावर बोट दाबून धरा आणि दिसणाऱ्या स्थानाचा स्क्रीनशॉट काढा. अर्ज भरताना उपग्रहाचं चित्र लावून, देऊळ, पाण्याची टाकी, शाळेचं मैदान अशा खुणा धरून बलून त्याच जागी न्या.

> तपासा: बलून ठेवल्यावर शाळांच्या यादीत घराजवळच्या ओळखीच्या शाळेचं अंतर बघा. ते पटण्यासारखं नसेल तर पुढे जाऊ नका. पायी जायचा रस्ता वळसे घेत जातो, त्यामुळे थोडा फरक पडेल. पण निर्णय पोर्टलवरच्या आकड्यावर होतो.

४. शाळा निवडा आणि अर्ज अंतिम करा. नुसता सेव्ह केलेला अर्ज सोडतीत जात नाही. अंतिम केल्यावर अर्ज क्रमांकासह प्रिंट निघते. ती हातात आली म्हणजे अर्ज झाला.

> सावध: अर्जात चूक सापडली तर मुदत संपायच्या आत पहिला अर्ज डिलीट करून नवा भरा. पहिला तसाच ठेवून दुसरा भरू नका. एका मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद होतात. 'एक मामाच्या पत्त्यावर, एक आपल्या' ही युक्ती सांगणारे वस्तीत भेटतातच, त्यांचं ऐकू नका.

जुळी मुलं असतील तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा. आणि आरटीईतून आधीच एकदा प्रवेश घेतलेल्या मुलासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही.

टप्पा ५: सोडत लागली. मेसेजची वाट पाहू नका

सोडत राज्यपातळीवर एकदाच निघते. निवडलेल्यांची यादी आणि प्रतीक्षा यादी लागते. मोबाइलवर मेसेज येतो, पण तो न आल्याची तक्रार कुणी ऐकून घेत नाही. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघा, सोडतीनंतर रोज एकदा. रिचार्ज संपून नंबर बंद पडलेले पालक इथेच मागे राहतात. अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी सगळ्या अर्ज क्रमांकांची एक वही ठेवावी आणि स्वतः तपासून घरी निरोप द्यावा.

प्रतीक्षा यादीतल्या पालकांनी फाइल बाजूला टाकू नये. पहिल्या यादीतली बरीच मुलं कागदांअभावी किंवा शाळा पसंत नसल्याने गळतात आणि त्या जागा टप्प्याटप्प्याने भरल्या जातात. तेव्हा मिळणारी मुदत मोजक्या दिवसांची असते.

मिळालेली शाळा मनासारखी नसेल तर? सोडायची का घ्यायची हा निर्णय तुमचा, पण 'पुढच्या फेरीत दुसरी मिळेल' या भरवशावर सोडू नका.

टप्पा ६: पडताळणी समितीपुढे

क्रम असा: पोर्टलवरून अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट काढा, मूळ कागद व झेरॉक्सचा एक संच घेऊन आधी पडताळणी समितीकडे जा, समितीने प्रवेश पक्का केला की मग शाळेत जा. पालक आधी शाळेत धावतात. तिथला कारकून 'आमच्याकडे काही आलं नाही' म्हणतो आणि दोन-तीन दिवस वाया जातात. समिती पंचायत समितीत किंवा शहरात विभागनिहाय केंद्रावर बसते. पत्ता अलॉटमेंट लेटरवर असतो.

पहिल्याच दिवशी जा. एखादा कागद कमी निघाला तर तो आणायला दिवस हातात राहतात. शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि सर्व्हर रडत असतो.

कागद नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. नाकारण्याचं कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा टेबलावरचा माणूस नियमांची प्रत पुन्हा उघडून बघतो.

> तपासा: समितीचा सही-शिक्का असलेलं पत्र, शाळेत कागद दिल्याची पोच, आणि पोर्टलवर 'प्रवेश निश्चित' अशी नोंद. तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय प्रवेश झाला असं धरू नका.

टप्पा ७: शाळेत पाऊल पडल्यावर

बहुतेक माहितीपत्रकं प्रवेशापाशी थांबतात. मुलाची पुढची आठ-दहा शैक्षणिक वर्षं याच शाळेत जायची असतात आणि खरी कसोटी इथून सुरू होते.

*पैसे.* कायद्यातल्या 'मोफत' या शब्दाची व्याप्ती कलम ३ मध्ये आहे: प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही. देणगी किंवा कॅपिटेशन फी कलम १३ ने थेट बंद केली आहे. घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. प्रवेशाआधी मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड.

प्रत्यक्षात मागणी 'फी' या नावाने येत नाही. ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, टर्म, वार्षिक संमेलन अशी नावं असतात, आणि ती बहुधा मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन येते. त्यामागचं एक कारणही माहीत असू द्या. शासन शाळांना प्रत्येक आरटीई मुलामागे प्रतिपूर्ती (फीची भरपाई) देतं आणि ती वर्षानुवर्षं थकते, अशी संस्थाचालकांची तक्रार आहे. तक्रार खरी असली तरी तो शाळा आणि शासन यांच्यातला व्यवहार आहे. त्याचा भार मुलावर टाकता येत नाही.

मागणी आली की शाळेशी भांडू नका आणि 'तात्पुरतं' म्हणून पैसेही भरू नका. मुख्याध्यापकांना असा साधा अर्ज द्या:

> *प्रति, मा. मुख्याध्यापक. माझा पाल्य ____, इयत्ता ____, आरटीई २५ टक्के अंतर्गत आपल्या शाळेत शिकत आहे. दिनांक ____ रोजी ____ या नावाने रु. ____ भरण्याविषयी कळवण्यात आले. ही रक्कम कोणत्या नियमानुसार आकारली आहे, ते कृपया लेखी कळवावे. आपले लेखी उत्तर मिळेपर्यंत पाल्याचे वर्ग, परीक्षा व निकाल थांबवू नयेत, ही विनंती.*

दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शाळेची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. बहुतेक मागण्या या अर्जानंतर पुन्हा येत नाहीत.

*वागणूक.* आरटीईच्या मुलांचा वेगळा वर्ग, वेगळी वेळ, मागची बाकं, सहलीतून वगळणं, सर्वांसमोर 'आरटीईवाले उभे राहा' म्हणणं, यातलं काहीही चालत नाही. मानसिक छळाला कलम १७ ने बंदी आहे. लहान मूल हे शब्दांत सांगत नाही. सकाळी पोट दुखतं म्हणतं, डबा तसाच परत आणतं. शनिवारी-रविवारी दुखत नसेल तर शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोला. सुरुवात तक्रारीने करू नका, 'वर्गात कुणाशेजारी बसतो, कुणाशी खेळतो' इथून करा.

*अभ्यास.* घरात इंग्रजी कुणाला येत नाही, म्हणून पहिल्या महिन्यातच शिकवणी लावायची घाई होते. आधी शाळेकडे मागा. मूल कुठे मागे पडतंय ते पाहून जादा शिकवणं हे कलम २४ नुसार शिक्षकांचं काम आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवता येतं. पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. 'दाखला घेऊन जा' असं तोंडी सांगितलं तर दाखल्यासाठी अर्ज करू नका. अर्ज तुमच्या सहीचा असला की कागदावर शाळा तुम्हीच सोडलेली असते.

टप्पा ८: तक्रार करावी लागलीच तर

पायऱ्या ओलांडू नका. वरच्या ऑफिसात पहिला प्रश्न 'खाली दिलं होतं का' हाच असतो.

१. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोचेसह.
२. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा शिक्षण विभाग.
३. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद.
४. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्जावर 'कलम ३२ अन्वये तक्रार' असं शीर्षक ठळक लिहा, नाहीतर तो साधा टपाल म्हणून फिरत राहतो.
५. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. त्यात 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणाकडे आहे' एवढंच विचारा. 'अन्याय का होतो' असे प्रश्न विचारले की उत्तर न देण्याचं कारण आयतं मिळतं.

एकट्या पालकाने तक्रार केली की मुलाला त्रास होईल ही भीती खोटी नाही. त्याच शाळेतल्या पाच-सहा आरटीई पालकांनी मिळून एका अर्जावर सह्या केल्या तर ती बरीच कमी होते.

आठवीनंतरचं आत्ताच ठरवा

कायद्याची हद्द १४ वर्षं वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते, आणि हे कित्येक घरांना आठवीच्या निकालाच्या दिवशी कळतं. सहावीत असतानाच शाळेला नववीची फी विचारा. परवडणारी नसेल तर जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत कोणतं माध्यम आहे, सेमी-इंग्रजीची तुकडी आहे का, नववीला बाहेरची मुलं घेतात का, ते सातवीतच बघून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद काउंटर सोडायच्या आधी वाचा. दहावीच्या फॉर्मपासून पुढच्या शिष्यवृत्तीपर्यंत हाच दाखला लागतो आणि नंतर त्यातलं एक अक्षर बदलायलाही पुन्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या फेऱ्या सुरू होतात.